हद्द पुसली की दुसरीकडे उमटते : स्कॉटलंडच्या रेल्वे पोलिसांचे अडलेले विलीनीकरण, ठाण्यातून पाहताना

ठाण्यात रेल्वे प्रवाशांची कुठलीही बैठक घ्या. विषय महिला डब्यातल्या छेडछाडीचा असो की दारातल्या प्रवाशांच्या हातावर काठी मारून मोबाइल पळवणाऱ्या, कळव्याजवळच्या फटका गँगचा, तासाभरात एक मागणी हमखास पुढे येते: हे जीआरपी (राज्याचे लोहमार्ग पोलीस), आरपीएफ (केंद्राचे रेल्वे सुरक्षा दल), शहर पोलीस असे तीन-तीन कशाला? सगळ्यांना एकाच दलात टाका. या मागणीमागचा संताप खरा आहे. फलाटावर मोबाइल खेचला गेला तर लोहमार्ग पोलीस, रेल्वेची तांब्याची तार चोरीला गेली तर आरपीएफ, आणि स्थानकातून बाहेरच्या सॅटिस पुलावर पाऊल ठेवले की ठाणे शहर पोलीस. ज्याचा मोबाइल गेला त्याने आधी ही विभागणी समजून घ्यायची, मग तक्रार द्यायची, हे कुणालाही पटण्यासारखे नाही.

स्कॉटलंडने हीच मागणी कायद्यात उतरवली होती. रेल्वेसाठीचे खास दल देशाच्या एकमेव पोलीस दलात विलीन करायचे, असा कायदा तिथल्या संसदेने २०१७ मध्ये संमत केला, तारीख ठरली, तयारी सुरू झाली आणि विलीनीकरण झालेच नाही. आपल्याकडे ही मागणी दर काही वर्षांनी डोके वर काढते, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून मांडते आहे. त्यात खलनायक कोणी नाही. शहाण्या माणसांनी चांगल्या हेतूने घेतलेला निर्णय कुठे अडतो, हे त्यात फार स्पष्ट दिसते.

आधीची घडी

ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलीस, म्हणजे बीटीपी, हे इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड या तिन्ही ठिकाणच्या रेल्वेचे पोलीस दल. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांनी नेमलेल्या शिपायांपासून त्याची परंपरा सुरू होते. आपल्या आरपीएफचा जन्म रेल्वेच्या मालमत्तेची राखण करण्यासाठी झाला. बीटीपी तसे नाही. गुन्हा नोंदवणे, तपास, अटक हे सगळे ते स्वतः करते. पण आपल्या जीआरपीसारखे ते स्थानिक सरकारच्या हाताखालीही नाही. त्याचा खर्च मुख्यतः गाड्या चालवणाऱ्या कंपन्या आणि रूळ सांभाळणारी नेटवर्क रेल हे पोलीस सेवा करारांखाली उचलतात. देखरेखीला २००४ पासून स्वतंत्र प्राधिकरण आहे.

या दलाचा स्कॉटलंडमधला विभाग म्हणजे ‘डी डिव्हिजन’. अधिकारी आणि शिपाई मिळून दोनशेच्या थोडे वर. संख्या लहान, पण काम पूर्ण स्कॉटलंडभर पसरलेले.

दुसरीकडे पोलीस स्कॉटलंड. १ एप्रिल २०१३ पर्यंत स्कॉटलंडमध्ये आठ प्रादेशिक पोलीस दले होती. त्या दिवशी ती सगळी एक झाली आणि सुमारे १७,००० पोलिसांचे एकच दल उभे राहिले. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनंतर ब्रिटनमधले सर्वांत मोठे. एडिंबरा आणि ग्लासगोचे विमानतळ, बंदरे, महामार्ग या सगळ्यांचा बंदोबस्त याच दलाकडे. रेल्वे तेवढी बाहेर राहिली होती.

२०१४ च्या सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडने स्वातंत्र्याच्या प्रश्नावर सार्वमत घेतले आणि ब्रिटनमध्येच राहायचे ठरवले. त्यानंतर स्कॉटलंडला जास्तीचे कोणते अधिकार द्यायचे हे ठरवण्यासाठी स्मिथ आयोग बसला. नोव्हेंबर २०१४ मधल्या त्याच्या अहवालात एक छोटेसे वाक्य होते: बीटीपीची स्कॉटलंडमधली कामे हा स्कॉटलंडच्या अखत्यारीतला विषय असावा. २०१६ च्या स्कॉटलंड कायद्याने तो अधिकार आला. ‘काम’ स्कॉटलंडच्या अखत्यारीत यावे, एवढेच आयोग म्हणाला होता. ‘दल’ विलीन करा, असे त्याने म्हटले नव्हते.

तीन वाटा, आणि निवडलेली तिसरी

बीटीपीच्या प्राधिकरणाने २०१५ च्या सुरुवातीलाच तीन पर्याय मांडले होते. पहिला, दल आहे तसेच ठेवायचे, पण स्कॉटलंडमधल्या कामाची दिशा आणि प्राधान्ये स्कॉटलंडच्या संस्थांनी ठरवायची. त्यासाठी नवा कायदा नको, प्रशासकीय व्यवस्था पुरे. दुसरा, हीच रचना कायद्याने पक्की करायची. तिसरा, डी डिव्हिजन उचलून पोलीस स्कॉटलंडमध्ये टाकायची. सरकारने तिसरा पर्याय धरला.

सरकारची बाजू लंगडी नव्हती. लोकशाहीत पोलिसांनी जिथे काम करायचे तिथल्या निवडून आलेल्या सभागृहाला जाब द्यावा, हा मुद्दा मला आजही पटतो. ग्लासगो सेंट्रल स्थानकात काही घडले तर त्याचा जाब लंडनमधल्या प्राधिकरणाला विचारावा लागणे हे खटकणारेच आहे. शिवाय दोनशे माणसांच्या तुकडीला सशस्त्र पथके, तपासातले तज्ज्ञ, मोठ्या दलाचे पाठबळ एका हुकुमावर मिळेल, हाही मुद्दा होता. दोन नियंत्रण कक्ष, दोन संगणक प्रणाली, दोन वरिष्ठ अधिकारी यांपेक्षा एक बरे, असे कोणालाही वाटेल.

विरोधही तितकाच ठोस होता. बीटीपीची पोलीस संघटना आणि रेल्वे कामगारांच्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या. त्यांचे म्हणणे असे की रेल्वेचा पोलीस हा रुळांवर घडलेला माणूस असतो. मोठ्या दलात गेला की शनिवारी रात्री शहरात मारामारी झाली म्हणून त्याला तिकडे ओढले जाणार आणि फलाट रिकामा राहणार. सरकार म्हणाले, रेल्वेसाठी वेगळे पथक राखू. नोकरी, पगार आणि निवृत्तिवेतन या तिन्हींना हात लावणार नाही, अशी तिहेरी हमीही दिली.

डिसेंबर २०१६ मध्ये विधेयक आले. २७ जून २०१७ रोजी ते ६८ विरुद्ध ५३ मतांनी संमत झाले. १ एप्रिल २०१९ हा विलीनीकरणाचा दिवस ठरला.

जिथे शिवण उसवली

कायदा होईपर्यंत सगळी चर्चा दलाच्या नावाची आणि सत्तेची होती. कायदा झाल्यावर कामाची यादी निघाली आणि प्रत्येक ओळीला अडचण लागू लागली.

पहिली अडचण माणसांचीच. ब्रिटनमधला सर्वसाधारण पोलीस हा कायद्याच्या भाषेत पदधारक असतो, नोकरीच्या करारावरचा कर्मचारी नसतो. बीटीपीचा पोलीस मात्र कराराने बांधलेला कर्मचारीही असतो. त्याचे निवृत्तिवेतन दलाच्या वेगळ्या पेन्शन योजनेतून, म्हणजे साठवलेल्या निधीतून येते. इतर पोलिसांचे सरकारी तिजोरीतून. त्यामुळे तिहेरी हमी पाळायची तर एकाच दलात, एकाच फलाटावर शेजारी उभ्या असलेल्या दोन शिपायांच्या सेवाशर्ती वेगळ्या राहणार. हमी मोडायची तर माणसे सोडून जाणार. दोनशे माणसांच्या दलात अनुभवी वीस जरी गेली तरी खिंडार पडते.

पैशाचे प्रकरणही सरळ नव्हते. कंपन्यांचे करार बीटीपीच्या प्राधिकरणाशी होते. आता ते पोलीस स्कॉटलंडवर देखरेख ठेवणाऱ्या स्कॉटिश पोलीस प्राधिकरणाशी नव्याने करायचे. कायद्याने तशी सोय केली होती, पण संपूर्ण ब्रिटनसाठी उभ्या असलेल्या खर्चातून स्कॉटलंडचा वाटा कसा कापून काढायचा, हे कायद्यात लिहून सुटत नाही. या बाबतीत पोलीस स्कॉटलंडचा आधीचा अनुभव बोलका होता. २०१३ मध्ये आठ दले एक करताना नव्या दलाला व्हॅटची परतफेड मिळणार नाही हे ठाऊक असूनही सरकार पुढे गेले. त्यापायी वर्षाला दोन कोटी पौंडांहून जास्त रक्कम जात राहिली आणि ती गळती २०१८ मध्ये थांबली.

त्याच दलाचा संगणकाचा अनुभवही ताजा होता. आठ दलांच्या नोंदी एका प्रणालीत आणण्यासाठी घेतलेला ‘आय-सिक्स’ प्रकल्प २०१६ मध्ये रद्द करावा लागला होता. आणि नियंत्रण कक्ष एकत्र करण्याच्या काळात काय होऊ शकते हे सगळ्या स्कॉटलंडने जुलै २०१५ मध्ये पाहिले होते. एम-नाइन महामार्गावर एक गाडी रस्त्याखाली गेली, कोणीतरी पोलिसांना फोन केला, फोन घेतलाही गेला, पण प्रणालीत नोंद झाली नाही. तीन दिवसांनी पोलीस तिथे पोहोचले. गाडीतला तरुण मृत सापडला आणि त्याच्यासोबतची तरुणी नंतर रुग्णालयात मरण पावली. पुढे २०२१ मध्ये पोलीस दलाने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि एक लाख पौंडांचा दंड झाला. जे दल आठांचे एक होण्याच्या वेदना अजून सोसत होते, त्याच्याच पदरात नववे टाकले जात होते.

मग कौशल्याचा प्रश्न. चालू रुळांवर उतरणाऱ्या माणसाला रूळ-सुरक्षेचे प्रशिक्षण लागते: वीज कुठे आहे, गाडी कुठल्या बाजूने येईल, वाहतूक कोणाला सांगून थांबवायची. आता रेल्वे सगळ्या दलाची जबाबदारी होणार तर १७,००० जणांना हे शिकवायचे की नाही? किती शिकवायचे? बेवारस बॅग दिसली की स्थानक लगेच रिकामे करायचे नाही, हेही बीटीपीने आयरिश बॉम्बहल्ल्यांच्या काळात अनुभवातून बसवलेले शास्त्र. बॅग लपवून ठेवलेली आहे का, उघडपणे संशयास्पद आहे का, अशा जागी सहसा विसरली जाणारी वस्तू आहे का, हे तीन प्रश्न विचारून निर्णय घ्यायचा. रुळांवर मृत्यू झाला तर संशयास्पद काही नसल्यास दीड तासाच्या आत मार्ग मोकळा करण्याचे त्यांचे उद्दिष्ट असते. नवख्या पोलिसाने खुनाच्या जागेसारखी सगळी जागा दिवसभर बंद ठेवली तर पाठीमागे हजारो माणसे बोगद्यांत आणि पुलांवर उभ्या गाड्यांत अडकतात, आणि तिथे नवे अपघात घडतात.

फेब्रुवारी २०१८ मध्ये एप्रिल २०१९ ची तारीख गाठता येणार नाही, असे जाहीर झाले. जूनमध्ये हमझा युसुफ न्यायमंत्री झाले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी सांगितले की पूर्ण विलीनीकरण हे दूरचे ध्येय राहील, तूर्त इतर पर्याय पाहू. स्कॉटलंडच्या पोलीस निरीक्षणालयाने या सगळ्या प्रक्रियेची छाननी केली. विलीनीकरण हा मंत्र्यांचा निर्णय होता आणि त्याच्या खर्चाचा व फायद्याचा एकसंध, अधिकृत हिशेब कधी मांडलाच गेला नव्हता, हे त्यातून पुढे आले. शेवटी बीटीपी आहे तिथेच राहिली आणि तिच्या स्कॉटलंडमधल्या कामाकडे पाहण्यासाठी दोन्ही प्राधिकरणांची मिळून स्कॉटिश रेल्वे पोलीस समिती आली. म्हणजे २०१५ मधल्या तीन पर्यायांपैकी पहिल्याच्या जवळपास. पाच वर्षांचा फेरा, आणि दोनशे माणसांच्या आयुष्यातली पाच वर्षांची टांगती तलवार.

हद्दीचे काय झाले असते

पेन्शन, करार, संगणक या अडचणी सुटू शकल्या असत्या. जास्त वेळ आणि जास्त पैसा ओतून असल्या गोष्टी सुटतात. न सुटणारी गोष्ट वेगळी होती आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म तिथे आहे.

विलीनीकरणामुळे एडिंबराच्या वेव्हर्ली स्थानकाचा दरवाजा ही हद्द उरली नसती. रस्त्यावरही तेच पोलीस, फलाटावरही तेच. पण त्याच क्षणी नवी हद्द तयार झाली असती: ग्लासगोहून लंडनला जाणारी गाडी ग्रेटनाजवळ सीमा ओलांडते तिथे, आणि एडिंबराहून जाणारी बेरिकच्या थोडे उत्तरेला ओलांडते तिथे. आधी एकच दल गाडीत चढून ग्लासगोपासून लंडनपर्यंत त्याच अधिकाराने जाऊ शकत होते. आता धावत्या गाडीत, शेतांच्या मधोमध, एका दलाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू झाले असते. रात्रीच्या शयनयान गाडीत सीमेच्या अलीकडे झालेली चोरी पलीकडे कळली, तर? चोर पलीकडच्या स्थानकावर उतरला, तर? स्कॉटलंडचा फौजदारी कायदा इंग्लंडहून वेगळा, अटकेची पद्धतही वेगळी. बीटीपीच्या माणसांना दोन्ही ठाऊक असत.

स्थानकाच्या दारातली हद्द निदान दिसते. तिथे उभे राहून दोन अधिकारी बोलू शकतात. रुळांवरची हद्द ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने मागे पडते.

विधेयकावर मत पडण्याच्या पाचच आठवडे आधी, २२ मे २०१७ ला, मँचेस्टरमध्ये स्फोट झाला होता. ज्या सभागृहाबाहेर तो झाला ते व्हिक्टोरिया रेल्वे स्थानकाला जोडलेले आहे आणि त्या जागेच्या बंदोबस्ताची पहिली जबाबदारी बीटीपीची होती. रेल्वेचे पोलीस आणि शहराचे पोलीस एकाच इमारतीत, एकाच भीषण क्षणी. हे उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरता येते: दल एक असते तर समन्वय सोपा झाला असता, किंवा रेल्वेची जागा ओळखणारे दल नसते तर आणखी गोंधळ झाला असता. मला त्यातून एवढेच दिसते की इमारत एक असली तरी हद्द तिच्या आत असते, आणि तिथे ती कशी हाताळायची हे घटनेच्या रात्री ठरवता येत नाही.

नवी मुंबईकरांनी यावर जास्त विचार करायला हवा. वाशी, नेरूळ, बेलापूरची स्थानके सिडकोने व्यापारी संकुलांसह बांधली. वर कार्यालये, खाली दुकाने, मधून तिकीट खिडकी, बाहेर रिक्षा आणि पार्किंग. फलाट लोहमार्ग पोलिसांकडे, बाहेरचा चौक नवी मुंबई पोलिसांकडे. जिना उतरता उतरता हद्द बदलते आणि उतरणाऱ्याला ती कुठे बदलली याची खूणही दिसत नाही.

आता ठाण्यातल्या मागणीकडे

आपल्याकडे ‘एकच दल’ म्हणणाऱ्यांच्या मनात प्रत्यक्षात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात.

काहींना वाटते, लोहमार्ग पोलीस शहर पोलिसांत घाला. दोन्ही खाकी, दोन्ही राज्याचे, मग अडचण काय? नकाशा घेऊन बसा. सीएसएमटीहून सुटलेली कसारा लोकल मुंबई पोलिसांच्या हद्दीतून ठाणे शहर पोलिसांच्या हद्दीत येते आणि पुढे ठाणे ग्रामीणमध्ये जाते. ठाण्याहून पनवेलची गाडी पकडली तर ऐरोली यायच्या आधीच नवी मुंबई आयुक्तालय सुरू होते. आज या सगळ्या प्रवासावर मुंबई लोहमार्ग पोलीस आयुक्तालय हे एकच छत्र आहे. त्याची ठाणे, डोंबिवली, कल्याण, वाशी, पनवेल अशी ठाणी आहेत. हद्दी त्यांच्यातही आहेत, पण आयुक्त एक, नियंत्रण कक्ष एक. शहर पोलिसांत विलीन केले तर सॅटिसवरची हद्द जाईल आणि धावत्या डब्यात मुलुंड-ठाण्याच्या मध्ये नवी येईल. मुलुंडला डब्यात चढलेल्या टोळीने कळव्याला काही केले, तर महिला डब्यातल्या बाईने कोणत्या आयुक्तालयाला फोन करायचा? स्कॉटलंडची ग्रेटना आपल्याकडे दर वीस मिनिटांनी येईल.

दुसरे म्हणतात, लोहमार्ग पोलीस काढा आणि सगळे अधिकार आरपीएफला द्या. रेल्वे केंद्राची, पोलीसही केंद्राचे असू द्या. या मागणीला इतिहास आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे हा विषय केंद्राच्या सूचीत आहे, पण राज्यसूचीतल्या ‘पोलीस’ या नोंदीत रेल्वे पोलिसांचाही स्पष्ट समावेश आहे. ही चूक नाही, जाणून केलेली वाटणी आहे. आरपीएफचा कायदा १९५७ चा. १९८५ मध्ये ते केंद्राचे सशस्त्र दल झाले. २००३ च्या दुरुस्त्यांनंतर मालमत्तेबरोबर प्रवाशांची सुरक्षाही त्याच्या कामात आली आणि रेल्वे कायद्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांवर कारवाईचे अधिकार मिळाले. चोरी, विनयभंग, खून यांचा तपास मात्र राज्याच्या लोहमार्ग पोलिसांकडेच राहिला, आणि त्यांचा खर्च राज्य व रेल्वे निम्मा-निम्मा उचलतात. आरपीएफचे अधिकार आणखी वाढवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा, २०१२ मध्ये, राज्यांनी विरोध केला. गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनीही पंतप्रधानांना पत्र लिहून हा राज्यांच्या अधिकारावरचा घाला असल्याचे म्हटले होते. म्हणजे हा प्रश्न पक्षाचा नाही, ज्याच्या हाती राज्य असते त्याला तो कळतो.

या दुसऱ्या वाटेने फलाटावरची जीआरपी-आरपीएफ हद्द नक्की पुसली जाईल. पण नवी हद्द कुठे उमटेल? त्याचे उत्तर ठाणेकरांना शोधायला लांब जावे लागत नाही.

९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन खचाखच भरलेल्या लोकलच्या दारांतून प्रवासी खाली पडले. त्यात चार जणांचा बळी गेल्याचे त्या दिवशी जाहीर झाले, आणि त्यातला एक लोहमार्ग पोलिसांतलाच शिपाई होता. तपास ठाणे लोहमार्ग पोलिसांकडे आला. नोव्हेंबरमध्ये त्यांनी मध्य रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. रेल्वे कर्मचाऱ्यांना तो अन्याय वाटला आणि ६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सीएसएमटीला आंदोलन होऊन लोकल थांबल्या. त्या खोळंब्यात रुळांवर उतरलेल्या प्रवाशांना सँडहर्स्ट रोडजवळ लोकलची धडक बसली आणि पुन्हा जीव गेले. अभियंत्यांचा दोष होता की नव्हता, हे न्यायालयाने ठरवायचे. मी त्यात मत देणार नाही. माझा मुद्दा त्याच्या आधीचा आहे: हा प्रश्न न्यायालयापर्यंत जाऊ शकला, कारण तपास करणारे दल रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नव्हते. आरपीएफमधली माणसे प्रामाणिक आहेत, अनेकांनी फलाटावर स्वतःचा जीव धोक्यात घालून प्रवाशांना ओढून वाचवले आहे. तरीही ज्या यंत्रणेच्या रुळांचा तपास करायचा तिच्याच पगारपत्रकावर तपास अधिकारी असेल, तर हद्द थेट मृताच्या घरचे आणि न्यायालय यांच्या मध्ये येऊन उभी राहते. त्या हद्दीपेक्षा तीन गणवेशांचा त्रास मी कमीच मानते.

मग काहीच बदलू नये, असे म्हणायचे नाही. स्कॉटलंडच्या प्रकरणात मला सर्वांत उपयोगी वाटते ती वगळलेली पायरी: दल हलवण्याआधी एका घटनेचा माग काढणे. तो आपण काढू शकतो. घटना अशी घ्या: रात्री अकराला कळव्याच्या पुढे दारात उभ्या मुलीच्या हातावर काठीचा फटका बसतो, मोबाइल जातो, ती खाली पडते. डब्यातला कोणी ११२ लावतो. तो फोन महापेच्या केंद्रात जातो. दुसरा १३९ लावतो. तो रेल्वेकडे आणि तिथून आरपीएफकडे. तिसऱ्याला १५१२ ठाऊक आहे. तो लोहमार्ग पोलिसांकडे. तीन फोन, तीन नोंदी. जखमीला उचलायला स्टेशन मास्तरचा मेमो, हमाल, स्ट्रेचर, मग शहरातले रुग्णालय. गुन्हा कुठेही नोंदवता येतो, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ‘शून्य एफआयआर’ची तरतूद स्पष्ट आहे. तरीही ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य अजून ऐकू येते. या साखळीत कोणता दुवा किती वेळ घेतो, हे तिन्ही दलांनी मिळून कागदावर मांडले तर दल न हलवता दुरुस्त होण्यासारखे बरेच सापडेल. त्यातली पहिली गोष्ट उघड आहे: फोन कुठल्याही क्रमांकावर येवो, नोंद एक, आणि ती तिन्ही कक्षांच्या पडद्यावर त्याच क्षणी.

दुसरी गोष्ट माणसांची. लोहमार्ग पोलिसांत शिपायांची भरती वेगळी होते, पण अधिकारी बरेचसे शहर आणि जिल्हा पोलिसांतून बदलीने येतात आणि रुळांची ओळख होते न होते तोच परत जातात. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. एवढ्या मृत्यूंचे पंचनामे चालू गाड्यांच्या मध्ये उभे राहून करणारे, अंगावरच्या चिठ्ठीवरून किंवा पासवरून घर शोधून काढणारे काम हे कौशल्याचे काम आहे. बीटीपीने आपले वेगळेपण टिकवले ते या कौशल्याच्या जोरावर. आपण ते कौशल्य असलेल्या अधिकाऱ्याला बदलीच्या यादीत टाकून घालवतो. लोहमार्गाची निवड करणाऱ्या अधिकाऱ्याला तिथेच बढती मिळेल अशी वाट आणि शहर पोलिसांना निदान स्थानकालगतच्या ठाण्यांपुरते रूळ-सुरक्षेचे प्रशिक्षण, एवढे राज्याच्या गृहखात्याच्या हातात आजही आहे.

आणि जाब. स्कॉटलंडचे सरकार ज्या कारणासाठी निघाले होते ते कारण आपल्याकडेही खरे आहे. लोहमार्ग पोलिसांचा निम्मा खर्च रेल्वे देते, उरलेला आपण देतो, पण ठाणे किंवा वाशी ठाण्याच्या कामाचा ताळेबंद प्रवाशांसमोर नियमितपणे कधी मांडला जातो? स्कॉटलंडमध्ये शेवटी हाती आली ती दोन प्राधिकरणांची समिती. तशी समिती इथे बसवता येईल: लोहमार्ग पोलीस, आरपीएफ, ठाणे आणि नवी मुंबई पोलीस, रेल्वे प्रशासन आणि प्रवाशांचे प्रतिनिधी, दर तीन महिन्यांनी बैठक, इतिवृत्त सर्वांसाठी खुले. पुढच्या बैठकीत ‘एकच दल करा’ असा ठराव आला तर त्याच्या आधी हा ठराव मी मांडणार आहे, आणि फटका गँगच्या त्या रात्रीचा माग हा समितीच्या पहिल्या बैठकीचा विषय असावा, असे त्यात लिहिणार आहे.